कडू घोटाच्या शोधात

प्रत्येक गावाचा स्वतःचा असा एक पदार्थ असतो आणि त्या पदार्थावरून गावात कायमचे भांडण असते. कोल्हापुरात तांबडा रस्सा खरा कुणाचा, पुण्यात मस्तानी कुठल्या दुकानातली, नाशकात मिसळ कुठे खावी, हे प्रश्न सुटावेत अशी कुणाचीच इच्छा नसते. पाहुण्याने भोळेपणाने विचारावे, यजमानाने छातीवर हात ठेवून एक नाव सांगावे आणि शेजाऱ्याने "छे! तिथे आता पूर्वीची चव राहिली नाही," म्हणून ते खोडून काढावे, यातच गावाचे गावपण असते.

अमेरिकेच्या दक्षिणेला, मिसिसिपी नदी समुद्राला मिळते त्याच्या थोडे अलीकडे, न्यू ऑर्लिन्स नावाचे शहर आहे. तिथे हे भांडण एका पेयावरून चालते. त्या पेयाचे नाव साझरॅक. हे सरबत नाही, चांगले कडक मद्य आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे ज्यांच्या भुवया वर जायच्या असतील त्यांच्या पहिल्याच पानावर जातील आणि पुढचा मजकूर त्यांना स्वस्थपणे वाचता येईल.

माझा मामेभाऊ तिथल्या एका इस्पितळात डॉक्टर आहे. कॉलेजच्या उन्हाळी सुट्टीत त्याच्याकडे तीन आठवडे राहण्याचा योग आला. पहिल्याच संध्याकाळी मी विचारले, "काय रे, तुमच्या गावचं खास काय?"

"ताई, खाण्याच्या पंधरा गोष्टी सांगीन," तो म्हणाला, "पण पिण्याची एकच. साझरॅक."

लगेच स्वयंपाकघरातून भावजयीचा आवाज आला, "आणि चांगला कुठं मिळतो ते याला विचारू नका हं, वन्सं! याला त्यातलं काही कळत नाही." वन्सं हा शब्द ती फक्त माझी थट्टा करायची असली म्हणजे वापरते.

झाले. नवराबायकोत एकमत नाही म्हटल्यावर पाहुणीने लवाद व्हायचे ठरवले. दिवसाआड एक ग्लास, तोही घोटघोट आणि पोटात अन्न असताना, असा नेम केला आणि मी त्या शहरातल्या सर्वोत्तम साझरॅकच्या शोधाला लागले.

शोधाला निघण्यापूर्वी गावाचा स्वभाव समजून घेतलेला बरा. न्यू ऑर्लिन्स फ्रेंचांनी १७१८ साली वसवले. पुढे ते स्पेनकडे गेले, पुन्हा फ्रेंचांकडे आले आणि १८०३ साली नेपोलियनने आसपासच्या अफाट मुलखासकट ते अमेरिकेला विकून टाकले. जुन्या वस्तीला 'फ्रेंच क्वार्टर' म्हणतात. पण १७८८ आणि १७९४ च्या आगींत तिथली जुनी घरे जळाली आणि नवी उठली ती स्पॅनिश अमदानीत. आतल्या बाजूचे चौक, जाड भिंती, कमानी पाहून आपल्याकडच्या वाड्यांची आठवण होते. गावातल्या सर्वांत रुंद रस्त्याचे नाव कॅनॉल स्ट्रीट, म्हणजे कालवा रस्ता. आणि तो कालवा कधी खोदलाच गेला नाही! कॉफी मागावी तर कपात निम्मी चिकोरी. यादवी युद्धात बंदराची नाकेबंदी झाली, कॉफी दुर्मिळ झाली, तेव्हा ही भेसळ अंगवळणी पडली असे सांगतात. आज ती भेसळच गावाची शान आहे. हवा मात्र अस्सल आपली. जून महिन्यात सकाळी सात वाजता पदर पिळून काढावा, इतका घाम!

अशा गावात नाव एक आणि आत वस्तू दुसरी, याचे कुणाला काही वाटत नाही. साझरॅकची कुळकथाही अशीच आहे.

ही कथा औषधाच्या दुकानात सुरू होते. आंत्वान पेशो नावाचा एक औषधविक्या रॉयल स्ट्रीटवर दुकान चालवीत असे. त्याचे घराणे सांत-दोमिंगचे, म्हणजे आजच्या हैतीचे. तिथल्या गुलामांनी १७९१ साली उठाव केला आणि १८०४ साली स्वतःचे राज्य उभारले. त्या धामधुमीत हजारो कुटुंबे न्यू ऑर्लिन्सला आली. पेशोने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुळ्या आणि मसाले मद्यार्कात भिजवून एक लाल, कडसर अर्क तयार केला. अशा अर्कांना बिटर्स म्हणतात. आपण त्याला सरळ काढा म्हणावे. पोटदुखीवर, अपचनावर तो घ्यायचा. आणि नुसता घशाखाली उतरत नाही म्हणून ब्रँडीत साखर घालून त्यात चार थेंब टाकायचे. आजारी माणसे भराभर बरी होईनात; पण बरी माणसे मात्र औषधाला येऊ लागली.

ब्रँडी फ्रान्समधली, साझरॅक नावाच्या घराण्याची. ती जिथे मिळे त्या पेयगृहाला साझरॅक कॉफी हाउस म्हणत, आणि त्यावरून पेयाला नाव पडले. पुढे फ्रान्समध्ये द्राक्षवेलींच्या मुळांना फायलोक्सेरा नावाची कीड लागली, मळे बसले, ब्रँडी मिळेनाशी झाली; तेव्हा तिच्या जागी राय या धान्याची अमेरिकन व्हिस्की आली. ही झाली गावाची लाडकी कथा. अलीकडचे अभ्यासक मात्र तिच्याकडे संशयाने पाहतात. १९०८ च्या एका पुस्तकात साझरॅकची कृती छापली आहे, तीत व्हिस्कीच आहे. कथेचा आणखी एक धागा आमच्या व्याकरणवाल्यांच्या आवडीचा. पेशो आपले औषध अंडे ठेवायच्या छोट्या पेल्यात देई, त्या पेल्याला फ्रेंचमध्ये 'कोकेत्ये' म्हणतात आणि त्याचाच अपभ्रंश होऊन 'कॉकटेल' शब्द झाला, असे गावकरी शपथेवर सांगतात. व्युत्पत्ती गोड आहे, पण टिकत नाही. न्यू यॉर्क राज्यातल्या एका वर्तमानपत्राने १८०६ सालीच कॉकटेल म्हणजे काय ते वाचकांना समजावून दिले होते: कुठलेही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. त्या वेळी पेशो स्वतः अंड्याच्या पेल्यातून अंडेच खाण्याच्या वयाचा होता. मराठीच्या तासाला मुलांना लोकव्युत्पत्तीचे उदाहरण म्हणून सांगायला मात्र याहून चांगले मिळायचे नाही.

मूळ पेयातले आणखीही बरेच काही बदलले. ग्लासाला आतून ॲबसिंथ या बडीशेपेच्या वासाच्या हिरव्या मद्याचा हात फिरवायचा, अशी रीत होती. अमेरिकेने १९१२ साली ॲबसिंथवर बंदी घातली. नंतर १९२० ते १९३३ देशभर दारूबंदीच आली. ती उठल्यावर १९३४ साली गावातल्याच एका गृहस्थाने हर्बसेंट नावाचे बदली मद्य काढले, आणि २००७ साली ॲबसिंथ कायदेशीर झाले तरी पुष्कळ जुन्या जागी अजून हर्बसेंटच चालते. ब्रँडी गेली, ॲबसिंथ गेले, मूळचे पेयगृह गेले. राहिले ते नाव, पेशोचा काढा आणि कृती. २००८ साली राज्याच्या विधिमंडळाने ठराव करून साझरॅकला न्यू ऑर्लिन्सचे अधिकृत कॉकटेल ठरवले. आमदारांना कामाची टंचाई सगळीकडेच असते असे दिसते.

कृती पाहण्यासारखी असते. दोन ग्लास लागतात. एकात बर्फ भरून तो थंड करायला ठेवतात. दुसऱ्यात साखरेचा खडा, त्यावर पेशोच्या बिटर्सचे तीनचार फटकारे. खडा लाल होतो, मग तो चिरडतात. त्यावर साठेक मिलिलिटर राय व्हिस्की आणि बर्फ घालून ढवळतात. पहिल्या ग्लासातला बर्फ ओतून टाकतात, त्यात थोडे हर्बसेंट घालून ग्लास फिरवतात आणि तेही ओतून टाकतात. राहतो तो फक्त वास. मग दुसऱ्या ग्लासातले पेय बर्फ गाळून पहिल्यात. शेवटी लिंबाच्या सालीची पट्टी ग्लासावर पिळायची, म्हणजे सालीतल्या तेलाचे बारीक तुषार वर पसरतात. ती साल ग्लासात टाकावी की फेकून द्यावी, यावर दोन कट्टर पंथ आहेत. आपल्याकडे आमटीत आधी गूळ की आधी चिंच यावरून जितक्या सासवा-सुना बोलल्या असतील तितकेच हे लोक त्या सालीवर बोलतात.

पहिली फेरी मी फ्रेंच क्वार्टरमधल्या प्रवाशांच्या गर्दीत घातली. तिथे एका जागी, नाव सांगत नाही, साझरॅक चक्क बर्फाचे खडे घालून दिले. बर्फ वितळतो, पेय पातळ होते आणि शेवटी तोंडात राहते ते साखरेचे पाणी. दुसरीकडे बडीशेपेचा मारा इतका की जेवणानंतरच्या मुखवासाची आठवण व्हावी. त्या भागात पेय कागदी नाहीतर प्लॅस्टिकच्या पेल्यात घेऊन रस्त्याने पीत हिंडण्याची मुभा आहे. सबंध अमेरिकेत ही सवलत फार थोड्या गावांना आहे. साझरॅक मात्र चालता चालता पिऊ नये. कचेरीत घाईघाईने उरकलेल्या सत्यनारायणासारखे ते होते.

दुसरी फेरी संग्रहालयाची. कॅनॉल स्ट्रीट आणि मॅगझीन स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर २०१९ साली 'साझरॅक हाउस' उघडले. तळमजल्यावर व्हिस्की गाळण्याची तांब्याची भट्टी, वर जुन्या बाटल्या, चित्रे, हलत्या-बोलत्या पडद्यांवरचा इतिहास; प्रवेशाला पैसे नाहीत. व्यवस्था चोख, माणसे हसतमुख, घोटभर नमुनाही मिळतो. ज्यांचा माल त्यांचेच संग्रहालय, तेव्हा माहिती थोडी जपून घ्यावी. पण बिटर्समध्ये काय असते त्याचा वास नाकाने घेऊन पाहायला ही जागा उत्तम. तिथे मला पहिल्यांदा कळले की ज्याला मी नुसते कडू म्हणत होते त्यात बडीशेप आहे, संत्र्याच्या सालीसारखे काही आहे आणि शेवटी मागे उरणारी एक मुळीची चव आहे.

तिसरी फेरी रूझवेल्ट हॉटेलातली. तिथल्या बारचे नावच साझरॅक बार. अक्रोडाच्या लाकडाचा लांब, गुळगुळीत काउंटर, भिंतींवर पॉल नायनास या चित्रकाराची मोठी भित्तिचित्रे, मंद पिवळा उजेड. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर हे हॉटेल काही वर्षे बंद पडले होते. २००९ साली पुन्हा उघडले तेव्हा गावाला आपली एक खोली परत मिळाल्यासारखे वाटले, असे मामेभाऊ सांगत होता. साझरॅक इथे अगदी शास्त्रशुद्ध मिळाला. गार, स्वच्छ, पहिल्या घोटाला लिंबू, मग व्हिस्कीची धग आणि शेवटी तो बेताचा कडवटपणा. मामेभावाने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. शोध इथेच संपायला हरकत नव्हती.

पण मी बसले होते त्या काउंटरचा इतिहास तिथेच कळला आणि घोट जरा थांबला. साझरॅक बार पूर्वी जवळच दुसऱ्या रस्त्यावर होता आणि तिथे बायकांना मज्जाव होता. वर्षातून एक दिवस, मार्दी ग्रा या त्यांच्या शिमग्याच्या दिवशी, स्त्रियांना आत येऊ देत. १९४९ साली बार रूझवेल्ट हॉटेलात आला आणि २६ सप्टेंबरला दारे स्त्रियांना खुली झाली. त्या दिवशी बायकांनी बार भरून टाकला. अजून दरवर्षी तिथल्या स्त्रिया जुन्या धर्तीचे पोशाख करून तो दिवस साजरा करतात. योगायोग पाहा, त्याच १९४९ साली आपल्या मुंबई प्रांताने दारूबंदीचा कायदा केला. तो कायदा नाव बदलून अजून पुस्तकात आहे आणि महाराष्ट्रात पिणाऱ्याला कागदोपत्री परवाना लागतो. म्हणजे एकाच वर्षी तिकडे बायकांसाठी दार उघडले आणि इकडे सगळ्यांसाठीच मिटले.

उघडलेले ते दार मात्र सगळ्या बायकांसाठी नव्हते. काळ्या माणसांना अशा जागी बसून पिण्याचा हक्क मिळायला आणखी पंधरा वर्षे जायची होती. १९६० च्या सप्टेंबरात याच कॅनॉल स्ट्रीटवर एका दुकानाच्या जेवणाच्या काउंटरवर चार तरुण विद्यार्थी नुसते बसून राहिले म्हणून त्यांना अटक झाली. त्यांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली रद्द केली आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेले, उपाहारगृहे सर्वांना खुली झाली. काउंटरवरच्या माझ्या सावळ्या हाताकडे मी पाहिले. कमलादेवी चट्टोपाध्याय १९४१ साली याच लुइझियाना राज्यातून आगगाडीने जात होत्या. गोऱ्यांच्या डब्यातून उठा म्हणून तिकिट तपासनिसाने त्यांना सांगितले. त्या हिंदी आहेत हे कळल्यावर तो घुटमळला. एवढे म्हटले असते तरी त्यांची सुटका होती. पण आपण काळ्यांपैकीच आहोत आणि इथून हलणार नाही, असे सांगून बाई तिथेच बसून राहिल्या. फ्रेंच क्वार्टरला लागून असलेल्या ट्रेमे वस्तीत तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हुगळीकडचे बंगाली मुसलमान फेरीवाले चिकणकामाचे कापड विकत येऊन राहिले होते. काळ्या कुटुंबांशी त्यांच्या सोयरिकी झाल्या, त्यांची मुले तिथेच वाढली. आपली माणसे तिथे आली ती काउंटरच्या कुठल्या बाजूला, हे त्यावरून समजते.

मी हे सगळे भावाला म्हणाले. तो म्हणाला, "ताई, पेय चांगलं आहे की नाही तेवढं सांग ना. जुनं कशाला उकरतेस?"

त्याचे म्हणणेही खोटे नव्हते. पण भावजय म्हणाली, "वन्सं, उद्या माझ्याबरोबर चला."

दुसऱ्या दिवशी ती मला फ्रेंच क्वार्टरच्या पलीकडे, नदीच्या वळणावरच्या एका वस्तीत घेऊन गेली. रंगीत लाकडी घरे, पुढे झुलत्या खुर्च्या, आणि कोपऱ्यावर पाटीही धड नसलेला एक छोटा बार. आत आठदहा स्टुले, एक पंखा, कोपऱ्यात पियानो. काउंटरमागे साठी ओलांडलेली एक काळी बाई. भावजयीला तिने "बेबी" म्हणून हाक मारली आणि मला "मॅडम" म्हणून. मी साझरॅक मागितला, तेव्हा तिने दोन ग्लास घेतले, एकही माप न वापरता ते केले आणि लिंबाची साल पिळून हसत हसत मागच्या डब्यात टाकून दिली. म्हणजे ती फेकणाऱ्या पंथाची.

पहिला घोट घेतला. रूझवेल्टमधल्यापेक्षा साखर कमी, बिटर्स थोडे जास्त. कडवटपणा लपवलेला नाही, पण बोचतही नाही. जिभेच्या कडेला तो बराच वेळ रेंगाळत राहिला. मी तिला विचारले, "कुठं शिकलात?"

ती म्हणाली, "माझी आई गावातल्या एका मोठ्या हॉटेलात ग्लास धुवायची. वीस वर्षं. रोज रात्री घरी आली की तिच्या हाताला बडीशेपेचा वास यायचा. कशाचा वास गं, असं मी विचारलं की ती म्हणायची, बड्या लोकांच्या औषधाचा. तिनं स्वतः कधी प्यालं नाही. पुढं मी हे काम धरलं, तेव्हा पहिला ग्लास मी तिला करून दिला."

"मग? आवडला त्यांना?"

"एक घोट घेतला आणि म्हणाली, एवढ्यासाठीच का त्यांनी एवढी दारं लावून घेतली होती?" आणि ती बाई मोठ्याने हसली. तिच्या हसण्यावर पियानोपाशी बसलेला म्हातारा काही न कळताच हसला.

परत येताना भावजयीने विचारले, "काय, लवादसाहेब, निकाल?" मी निकाल दिला तो असा. कृतीत रूझवेल्ट पहिले. गारव्याला, काचेला, लाकडाला, सगळ्याला पैकीच्या पैकी. पण साझरॅकचा जीव त्याच्या काढ्यात आहे, आणि तो काढा ओळखणारा हात मला त्या पाटी नसलेल्या बारमध्ये भेटला. पहिले बक्षीस तिथे. मामेभावाला निकाल मान्य नाही. तो अपील करणार आहे. त्यासाठी मला पुन्हा यावे लागेल, असे तो म्हणतो, आणि या युक्तिवादात मला काही दोष दिसत नाही.

पुढेमागे कुणी वाचक तिकडे गेलाच, तर जाता जाता एवढे सांगते. साझरॅक रिकाम्या पोटी घेऊ नये. बर्फ घालून देऊ लागले तर नम्रपणे नको म्हणावे. एका संध्याकाळी एकच घ्यावा आणि तो बसून प्यावा. आणि गावात कुणालाही "चांगला कुठे मिळतो?" असे विचारावे, उत्तराबरोबर एक तासाची करमणूक फुकट मिळते. ज्यांना मद्य वर्ज्य आहे त्यांनी चिकोरीची कॉफी आणि साखरेत लोळवलेली बेन्ये खावीत, सेंट चार्ल्स रस्त्यावरून हिरव्या ट्रामने शेवटापर्यंत जावे. ही ट्राम १८३५ सालापासून त्या रस्त्याने धावते आहे आणि दोन्ही बाजूंच्या ओक वृक्षांखालून जाताना वाटते, घाई नावाची गोष्ट या गावात अजून पोचायची आहे.

येताना पेशोच्या बिटर्सची एक छोटी बाटली आणली. ती आमच्या स्वयंपाकघरात हिंगाच्या डबीशेजारी उभी आहे. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बूच उघडून वास घेतला.

"हे कसलं गं औषध?"

"पोटाचं, आई. तिकडच्या एका औषधवाल्याचं."

त्यांनी एक थेंब तळहातावर घेतला, जिभेला लावला, डोळे मिटून क्षणभर विचार केला. "बडीशेप आहे. आणि कसलीशी मुळी. माझ्या आजीच्या काढ्यात असायची." मग बाटली बुचासह जागेवर ठेवीत म्हणाल्या, "बरं आहे. नरकचतुर्दशीला पहाटे कारीट मिळालं नाही तर हे जिभेला लावू. फराळाआधी कडू लागतंच."

यंदा आमच्याकडे बाजारात कारीट मिळाले. पण बाटली सासूबाईंनी देवघराच्या कोनाड्यात हलवली आहे.